दृश्यानंतरचे वाचन : ‘आउटलँडर’ ही कादंबरी व तिची मालिका यांच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादी कथा प्रथम दूरचित्रवाणीवर पाहावयाची आणि मागाहून ती ज्या कादंबरीवरून घेतली ती कादंबरी वाचावयास घ्यावयाची, हा क्रम आज अपवादात्मक राहिलेला नाही. ऐतिहासिक पार्श्वभूमीवरील प्रणयकथांच्या बाबतीत तर तो विशेषच रूढ झाला आहे. या क्रमाविषयी अभ्यासकांच्या वर्तुळात सामान्यतः दोन मते ऐकू येतात. कथा एकदा कळल्यावर कादंबरी वाचण्यात स्वारस्य ते काय उरणार, हे पहिले मत. कादंबरी हीच अस्सल वस्तू असून मालिका ही तिची पातळ केलेली आवृत्ती होय, म्हणून आधी झालेले दर्शन वाचकाने शक्य तितके विसरून जावे, हे दुसरे.

ही दोन्ही मते परस्परविरोधी भासली तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. कादंबरी आणि मालिका यांतून आपल्या हाती येणारी वस्तू, म्हणजे ‘कथा’, एकच असते आणि ती फक्त दोन निरनिराळ्या भांड्यांतून वाढली जाते, असे दोन्ही पक्ष मानतात. हे गृहीत भाषाभ्यासाच्या दृष्टीने टिकत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पाहून झाल्यानंतरचे वाचन हे न पाहता केलेल्या वाचनाहून कमी प्रतीचे नसते; ते निराळ्या जातीचे असते. त्यात काही गमावले जाते हे खरे. परंतु भाषेच्या ज्या क्रिया एरवी कथेच्या ओघात नजरेआड होतात त्या तेथे उघड्या पडतात.

विवेचनासाठी डायना गॅबाल्डन यांची ‘आउटलँडर’ ही कादंबरी घेतली आहे. ती १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्ये तीच ‘क्रॉस स्टिच’ या नावाने निघाली. १९९२ साली अमेरिकेतील प्रणयकथालेखकांच्या संघटनेचे ‘रिटा’ पारितोषिक तिला मिळाले. तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला भाग ९ ऑगस्ट २०१४ रोजी ‘स्टार्झ’ या वाहिनीवर दाखविला गेला, आणि पहिल्या सत्राच्या १६ भागांत ही पहिली कादंबरी संपूर्ण सामावली. तेव्हा एका ग्रंथाची एका सत्राशी तुलना करणे येथे सोयीचे आहे.

या कादंबरीच्या निवडीला आणखी एक कारण आहे. मूळ ग्रंथ शुद्ध आणि पडदा उपरा, ही मांडणी हिच्या बाबतीत आरंभीच कोलमडते. लेखिकेला स्कॉटलंडची पार्श्वभूमी सुचली ती ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतील ‘द वॉर गेम्स’ (१९६९) ही जुनी कथा दूरचित्रवाणीवर पाहताना. तीत किल्ट नेसलेला जेमी नावाचा एक स्कॉटिश तरुण आहे. त्याचेच नाव नायकास मिळाले. १९८८ साली लेखनास आरंभ झाला तेव्हा लेखिकेने स्कॉटलंड पाहिलेले नव्हते. ॲरिझोनातील विद्यापीठात संशोधन करीत असताना ग्रंथालयाच्या आधारे तिने तो देश उभा केला. पुढे या कादंबरीचीच मालिका झाली तेव्हा तो जुना जेमी रंगविणारे नट फ्रेझर हाइन्स यांनी तीत एक छोटी भूमिका केली. दृश्यातून शब्द आणि शब्दातून पुन्हा दृश्य, असे हे वर्तुळ आहे.

२. पूर्वज्ञान आणि रस

प्रथम ‘कथा कळल्यावर काय उरते’ या आक्षेपाचा विचार करू.

कथानक थोडक्यात असे. क्लेअर ही दुसऱ्या महायुद्धात रणांगणावर शुश्रूषा केलेली इंग्रज परिचारिका. महायुद्ध संपल्यावर १९४५ साली ती आपला पती फ्रँक याच्यासह स्कॉटलंडमधील इनव्हर्नेस येथे येते. फ्रँक हा इतिहासाचा अभ्यासक असून आपल्या एका पूर्वजाचा, कॅप्टन जोनाथन रँडलचा, शोध घेत आहे. क्रेग ना डून या कल्पित टेकडीवरील उभ्या शिळांच्या वर्तुळातून क्लेअर १७४३ सालात जाऊन पडते. तेथे तिची गाठ त्या क्रूर पूर्वजाशी पडते, आणि जेमी फ्रेझर या डोंगरी तरुणाशीही. रँडलच्या कायदेशीर ताब्यातून सुटण्यासाठी तिला जेमीशी विवाह करावा लागतो, आणि या सोयीच्या विवाहातून खरा प्रणय उद्भवतो.

आता नायिकेची ज्ञानविषयक स्थिती पाहावी. १७४५ साली स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने डोंगरी टोळ्या उठतील, १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर त्यांचा पुरता पराभव होईल आणि त्यानंतर त्यांची समाजरचनाच मोडून पडेल, हे सर्व तिला ठाऊक आहे. कारण तिने तो इतिहास नवऱ्याच्या तोंडून ऐकलेला आहे. पतीच्या वंशावळीच्या तक्त्यावरून रँडलच्या मृत्यूची तारीखही तिच्या स्मरणात आहे, आणि एका भीषण प्रसंगी ती तारीख ती त्याच्याच कानात सांगते. म्हणजे ज्या जगात ती वावरत आहे त्याचा शेवट तिला आधीच माहीत आहे. माहीत नाही ते एवढेच की, तेथवर पोहोचण्याचा मार्ग तिच्या स्वतःच्या आयुष्यातून कसा जाणार आहे.

मालिका पाहून मग कादंबरी उघडणारा वाचक नेमक्या याच स्थितीत असतो. त्यालाही शेवट ठाऊक आहे, वाट ठाऊक नाही. न पाहता वाचणाऱ्याला क्लेअरचे पूर्वज्ञान ही केवळ एक सांगितलेली माहिती वाटते. पाहून वाचणाऱ्याला मात्र पूर्वज्ञानाचा भार स्वतःच्या अनुभवाने कळतो. ‘आता काय होणार’ या प्रश्नाची जागा ‘हे होणार हे ठाऊक असून ती असे का बोलते’ हा प्रश्न घेतो, आणि वाचकाचे लक्ष घटनेवरून उक्तीकडे वळते.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान लागते तेव्हा सीतेचे हरण होणार हे न कळणारा श्रोता मंडपात एकही नसतो. श्रोते येतात ते बुवा ती कथा कशी लावतात, कोठे थांबतात, कोणत्या पदावर रेंगाळतात, हे ऐकण्यासाठी. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले. परंतु यांपैकी कोणत्याही भेदात कथानक अज्ञात असले पाहिजे अशी अट आपल्या साहित्यशास्त्राने घातलेली दिसत नाही. कुतूहल हे रसाचे एक साधन आहे. तोच रस आहे असे समजणे ही अलीकडची सवय होय.

३. ‘मी’ कोण?

कादंबरी आणि मालिका यांतील सर्वांत मूलगामी भेद एका सर्वनामात साठविलेला आहे. सहाशेहून अधिक पृष्ठांची ही कादंबरी आरंभापासून अखेरपर्यंत क्लेअरच्या प्रथमपुरुषी, भूतकाळी निवेदनात आहे. बांव्हनीस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की, ‘मी’ या शब्दाला बाह्य जगात ठरलेला असा वाच्यार्थ नाही; जो त्या वेळी ‘मी’ म्हणतो तो ‘मी’. प्रथमपुरुषी कादंबरीत हा अधिकार एकाच व्यक्तीकडे राहतो. तिने जे पाहिले नाही ते ग्रंथात घडतच नाही.

कॅमेऱ्याला सर्वनाम नसते. मालिकेने क्लेअरचा आवाज पडद्यामागून ऐकविला आहे खरा. परंतु त्या आवाजाच्या जोडीने दिसणाऱ्या चित्रात क्लेअरही असते. कादंबरीत जी पाहणारी आहे ती मालिकेत पाहिली जाणारी होते. एकदा हे झाले की, ती जेथे नाही तेथेही कॅमेरा जाऊ शकतो. पहिल्या सत्राच्या आठव्या भागात तो तसा जातोही : १९४५ सालात मागे राहिलेला फ्रँक पत्नीचा शोध घेत आहे, पोलिसांशी भांडत आहे, हळूहळू खचत आहे, हे सर्व आपण पाहतो. कादंबरीत या प्रसंगांचा मागमूस नाही, आणि व्याकरणदृष्ट्या तो असूही शकत नाही. कारण ते पाहावयास ‘मी’ तेथे नव्हती.

याचा परिणाम वाचनावर कसा होतो ते पाहावे. मालिका पाहिलेला वाचक कादंबरीत फ्रँकचे दुःख शोधू लागतो आणि त्याला तेथे मौन आढळते. मालिका न पाहिलेल्या वाचकाला हे मौन जाणवणार नाही. ते त्याच्या लेखी मौन नसून केवळ अनुल्लेख असेल. पाहिलेल्याला मात्र ते मौन म्हणूनच भेटते. वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने संहितेतील रिकाम्या जागांविषयी विवेचन केले आहे. चित्रपट पाहिल्याने वाचकाची कल्पनाचित्रे आकुंचित होतात, असेही त्याचे एक निरीक्षण आहे. ते यथार्थ आहे. परंतु त्याला एक पुरवणी जोडावी लागेल : दृश्य काही रिकाम्या जागा बुजविते, तशा ज्या कधी दिसल्याच नसत्या अशा काही रिकाम्या जागा दाखवूनही देते.

नवव्या भागात मालिका याहून धीट पाऊल टाकते. पडद्यामागचा ‘मी’ तेथे बदलतो. निवेदन जेमीच्या तोंडी जाते. इंग्रजीत हा बदल केवळ आवाजावरून कळतो. लिहून काढलेल्या वाक्यात तो दिसणार नाही, कारण इंग्रजी क्रियापद प्रथमपुरुषात लिंग दाखवीत नाही. मराठीत ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांतील भेद पहिल्याच क्रियापदाला उघड झाला असता. मराठी वाचक या बाबतीत जात्याच सावध असतो. निवेदक स्त्री की पुरुष हे त्याची भाषा त्याला पदोपदी सांगत असते.

या बदलाला केवळ तांत्रिक महत्त्व नाही. ज्या भागात निवेदन जेमीकडे गेले आहे त्याच भागात तो क्लेअरला पट्ट्याने मारतो, तिने आज्ञा मोडून सर्वांचा जीव धोक्यात घातला म्हणून शिक्षा, असे सांगून. कादंबरीतील हा प्रसंग वाचकांत पुष्कळ वादाचा ठरला आहे. मालिकेत तो मारणाऱ्याच्या निवेदनाच्या चौकटीत येतो : त्याच्या टोळीचे न्यायतत्त्व, त्याची समजूत, आणि पुढे त्या समजुतीत होणारा पालट. कादंबरीत तोच प्रसंग जिने मार खाल्ला तिच्या तोंडून येतो. तिचा संताप, तिचा अपमान, आणि त्यानंतर त्याच्या बालपणीच्या शिक्षांच्या कहाण्या ऐकताना तिचे हळूहळू निवळत जाणे, हे सर्व तिच्याच शब्दांत आहे.

येथे घाईने निर्णय देण्याचा मोह आवरला पाहिजे. जिला सोसावे लागले तिचा आवाज कादंबरीत आहे, म्हणून कादंबरी अधिक न्याय्य, असे म्हणणे सोपे आहे. परंतु हा आवाज भूतकाळी आहे. ज्या वेळी ती हे सांगत आहे त्या वेळी ती जेमीची प्रेमळ सहचारिणी झालेली आहे. क्षमा आधी झाली आहे आणि कथन मागाहून. म्हणजे प्रसंग वाचकापुढे येण्यापूर्वीच त्याच्यावर समेटाची छाया पडलेली असते. ज्याने हा प्रसंग प्रथम दृश्यरूपात, दुसऱ्याच निवेदकाकडून, ऐकलेला आहे त्याला ही छाया चटकन ओळखू येते. एकाच प्रहाराचे दोन ‘मी’ त्याच्यापुढे साक्षीदार म्हणून उभे असतात, आणि यांपैकी एकही तटस्थ नाही हे त्याला कळते. हिंसेच्या वर्णनात कोणाच्या तोंडी ‘मी’ आहे आणि तो कोणत्या काळातून बोलत आहे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर तिचा उपयोग प्रणयकथेच्या बाहेरही, साक्षी, जबान्या आणि इतिहासाची साधने वाचताना होईल.

४. उपमा आणि चेहरा

फ्रँक आणि त्याचा पूर्वज रँडल यांचे चेहरे विलक्षण सारखे आहेत, असे कादंबरी सांगते. अठराव्या शतकात रँडल प्रथम समोर येतो तेव्हा क्लेअरला क्षणभर तो आपला पतीच वाटतो. मालिकेत टोबायस मेन्झिस या एकाच नटाने दोन्ही भूमिका केल्या आहेत.

ही निवड स्वाभाविक असली तरी तिने अर्थाची जात बदलते. ‘सारखा’ हा शब्द एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो : साम्य आहे, आणि ऐक्य नाही. आपल्या आलंकारिकांनी उपमा आणि रूपक यांत जो भेद केला त्याचे मर्म हेच. उपमेत ‘इव’ राहतो. रूपकात तो गळतो. कादंबरी उपमेत बोलते, कारण भाषेजवळ ‘सारखा’ हा शब्द आहे. पडद्याजवळ तो नाही. तेथे एक तर तोच चेहरा असेल, किंवा निराळा. म्हणून मालिकेत जी उपमा होती तिचे अपरिहार्यपणे रूपक झाले. फ्रँकच्या सौम्य मुद्रेत प्रेक्षकाला रँडल दिसू लागतो आणि रँडलच्या क्रौर्यात फ्रँक.

पाहिलेल्या वाचकाचे खरे नुकसान येथे होते, हे मान्य केले पाहिजे. नटांचे चेहरे मनातून जात नाहीत. तथापि या नुकसानाचाही अभ्यासास उपयोग होतो. वाचताना ‘सारखा’, ‘भासला’, ‘वाटला’ ही पदे येतील तेथे थांबून पाहावे. क्लेअर साम्य कोठे ठासून सांगते आणि भेद कोठे सांगते याची नोंद करावी. चेहऱ्याने जे एकत्र बांधून टाकले ते शब्द पुन्हा सुटे करीत आहेत, असे दिसून येईल.

याच्या उलट जातीचे उदाहरण विवाहमुद्रिकेचे. मालिकेत जेमी आपल्या वडिलोपार्जित घराच्या चावीपासून क्लेअरसाठी अंगठी घडवून घेतो. कादंबरीत ही चावी नाही. तेथे विवाहसमयी जेमीच्या वडिलांची माणकाची अंगठी तात्पुरती वापरली जाते, आणि मागाहून नक्षीकाम केलेली रुपेरी अंगठी येते. मालिका पाहिलेला वाचक चावी शोधतो आणि ती न सापडल्याने क्षणभर गोंधळतो. पडद्याला भाव दाखविण्यासाठी हाती धरता येईल अशी वस्तू लागते. घर, वारसा आणि परतण्याची इच्छा हे सर्व एका चावीत ठेवता येते. कादंबरीला तशी निकड नाही. घराविषयीची ओढ ती जेमीच्या संभाषणांतून पृष्ठापृष्ठांवर पसरू शकते. सत्राच्या अखेरीसही असेच घडते. मालिकेत क्लेअर आपण गरोदर असल्याचे स्कॉटलंडहून फ्रान्सकडे निघालेल्या जहाजावर सांगते. कादंबरीत ती हे फ्रान्समधील मठाखालच्या उष्ण पाण्याच्या कुंडात सांगते. एकात प्रस्थान आहे, दुसऱ्यात विसावा. घटना एकच, शेवट दोन.

५. ऐकू येणारी आणि छापलेली भाषा

भाषेच्या विद्यार्थ्यास सर्वांत उपयुक्त असा भाग आता येतो. या कथेत तीन भाषा वावरतात : क्लेअरची दक्षिणी इंग्रजी, स्कॉट्स, आणि गेलिक. स्कॉट्स ही इंग्रजीची भगिनी, जर्मानिक कुळातील. गेलिक ही केल्टिक कुळातील, आयरिशला जवळची. छापील पानावर मात्र सामान्य वाचकाला या दोहोंतील भेद क्वचितच कळतो. ‘केन’ (जाणणे), ‘बेर्न’ (मूल), ‘वी’ (लहानसे) हे स्कॉट्स शब्द आणि मधूनच येणारी गेलिक वाक्ये, दोन्ही त्याला सारखीच विचित्र अक्षररचना वाटतात. मालिका ऐकल्यानंतर हा घोटाळा राहत नाही; एक भाषा अर्धवट कळते आणि दुसरी मुळीच नाही, हे कान लगेच ओळखतो.

मालिकाकारांनी गेलिक भाषेसाठी स्वतंत्र सल्लागार नेमला होता. त्यातही पहिल्या सत्रात गेलिक संवादांखाली भाषांतराच्या ओळी दिल्या नाहीत, हा निर्णय विशेष महत्त्वाचा आहे. क्लेअरला ते बोलणे कळत नाही. म्हणून प्रेक्षकालाही कळू नये. कॅमेऱ्याने जो प्रथमपुरुष गमावला होता तो येथे कानाच्या वाटेने परत मिळविला. कादंबरीत हेच अज्ञान ‘मला काही कळले नाही’ अशा विधानाने सांगावे लागते. विधान वाचणे निराळे आणि न कळण्याच्या अवस्थेत बसून राहणे निराळे. ज्याने ती अवस्था अनुभवली आहे त्याला कादंबरीतील ते छोटे विधान रिकामे वाटणार नाही.

शब्दाचा अर्थ उपयोगाने कसा पालटतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘सॅसनाख’. गेलिकमध्ये याचा अर्थ सॅक्सन, म्हणजे इंग्रज. वापर बहुधा तुच्छतादर्शक. जेमी क्लेअरला याच शब्दाने हाक मारतो आणि कथेच्या ओघात तो लाडका होतो. मराठीत ‘वेडी’ हा शब्द कोशात दूषण आहे आणि आईच्या तोंडी माया आहे, तसेच हे. मालिकेत हा पालट स्वराघाताने पहिल्या काही भागांतच उरकतो. कादंबरीला स्वर नाही. तिला तो शब्द निरनिराळ्या प्रसंगांत पुनःपुन्हा योजून त्याचा जुना अर्थ झिजवावा लागतो. अर्थपरिवर्तनाची ही मंद क्रिया पाहावयाची तर छापील संहिताच हवी.

उलट काही दोष छापील पानावरच पकडता येतात. पहिल्या कादंबरीत जेमी क्लेअरला ‘मो दुइन्या’ असे संबोधितो आणि तिच्या तपकिरी केसांवरून ‘माझी तपकिरी’ असा त्याचा अर्थ दिला जातो. गेलिक व्याकरणात हे रूप बसत नाही. ‘दाउन’ म्हणजे तपकिरी. ‘दुइन्या’ हे त्या विशेषणाचे तुलनावाचक रूप. शिवाय ‘मो’, म्हणजे ‘माझा, माझी’, या शब्दामागून येणाऱ्या नामाचे आद्य व्यंजन मृदू होते : ‘माहिर’ म्हणजे आई, परंतु ‘मो वाहिर’ म्हणजे माझी आई. मराठीत विभक्तीपूर्वी शब्दाचे अंत्य रूप बदलून सामान्यरूप होते, घोडा, घोड्याला. गेलिकमध्ये बदल शब्दाच्या आरंभी होतो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. पुढील कादंबऱ्यांत हे संबोधन ‘मो नियन दाउन’, म्हणजे ‘माझी तपकिरी केसांची मुलगी’, असे शुद्ध झालेले आढळते. या रूपात ‘नियन’ हे स्त्रीलिंगी नाम असल्याने पुढच्या विशेषणाचा ‘द’ नियमाने मृदू व्हावयास हवा होता. परंतु अंत्य ‘न’नंतर येणारा ‘द’ या बदलातून सुटतो. कोशातून उचललेला शब्द आणि बोलणाऱ्याकडून आलेला शब्द यांतील अंतर या एका दुरुस्तीत दिसते. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलू शकणारे सुमारे ५७ हजार लोक होते. एवढ्या थोड्या लोकांच्या भाषेचे व्याकरण कादंबरीत चुकले तर तक्रार करणारेही थोडेच. म्हणूनच अभ्यासकाने ते पाहिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकास विशेष जाणवण्याजोगी आहे. गेलिकमध्ये ‘ऊ’ हे एकवचनी आणि ‘शीव’ हे अनेकवचनी तसेच आदरार्थी सर्वनाम आहे. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसारखेच. इंग्रजीत हा भेद उरलेला नाही. म्हणून जेमी आणि क्लेअर सोयीच्या विवाहाकडून प्रेमाकडे जातात तेव्हा त्यांच्या सर्वनामांत काहीच हालत नाही. ही कथा मराठीत आणावयाची झाल्यास भाषांतरकाराला पहिल्याच भेटीत निर्णय घ्यावा लागेल : जेमी तिला ‘तुम्ही’ म्हणेल की ‘तू’? आणि ‘तू’ म्हणू लागला तर नेमका केव्हा? इंग्रजी ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. परंतु अठराव्या शतकातील डोंगरी माणसाच्या मनात तो प्रश्न असणार. या एका ठिकाणी मराठी ही पात्राच्या मातृभाषेला इंग्रजीपेक्षा जवळची आहे.

६. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने

वरील विवेचनाचा निष्कर्ष मर्यादित आहे. प्रथम पाहणे चांगले की प्रथम वाचणे, याचा निवाडा येथे केलेला नाही. ज्यांच्या बाबतीत पाहणे आधीच घडून गेले आहे त्यांनी वाचनाकडे कसे वळावे, एवढाच प्रश्न आहे. अशा वाचकाने पाहिलेले विसरण्याचा खटाटोप करू नये. तो निष्फळ होतो. त्यापेक्षा आठवणीचा उपयोग मोजपट्टीसारखा करावा. मालिकेत होते आणि ग्रंथात नाही असे काय, ग्रंथात आहे आणि पडद्यावर येऊच शकले नसते असे काय, आणि दोहोंत असूनही ज्याची अर्थजाती पालटली असे काय, अशा तीन याद्या वाचनाबरोबर करीत जाव्यात. तिसरी यादी सर्वांत अवघड आणि सर्वांत फलदायी असते.

हाच प्रयोग आपल्या भाषेतही करता येईल. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई यांच्या सहजीवनावरील या कादंबरीची मालिका गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखाली १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर आली. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांचे चेहरे त्या दोन ऐतिहासिक व्यक्तींना मराठी घरांतून कायमचे चिकटले. तेथेही शेवट सर्वांना ठाऊक आहे : १७७२ साली थेऊर येथे माधवरावांचा क्षयाने अंत आणि रमाबाईंचे सहगमन. तेथेही प्रश्न संबोधनांचाच आहे. पेशवाईतील पत्नी पतीचा उल्लेख कोणत्या शब्दांनी करते, नाव टाळण्यासाठी ‘इकडून’, ‘स्वारी’ यांसारखी कोणती वळणे घेते, एकांतात आणि चारचौघांत ती कशी बदलते, आणि ज्या काळी आज्ञार्थाचा मानही दर्जाप्रमाणे ठरत असे त्या काळचे प्रेम क्रियापदाच्या कोणत्या रूपात व्यक्त होते, हे पाहण्याजोगे आहे. मालिका पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या कानात हे संवाद असतीलच; आता त्याने कादंबरी उघडून प्रत्येक ‘आपण’, ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांपुढे प्रसंग, बोलणारा आणि ऐकणारा यांची नोंद करावी. एका सत्रात पुरे होईल एवढेच हे काम आहे, आणि विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने ते लघुप्रबंधासाठी हाती घेतल्यास त्याला विषयाची वाण पडणार नाही.